विंचने ओढताना वाकलेली ट्रकची चासी: दुरुस्ती आणि मजबुतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात भरलेल्या गाड्या रुततात. पावसाळ्यात करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा या घाटांत गाड्या कडेला उतरतात. मग विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), क्रेन किंवा दोन-तीन ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली जाते. गाडी निघते, पण चासीने त्यात काय सोसलं हे कुणी पाहत नाही आणि तीन-चार महिन्यांनी भरल्या गाडीत चीर सापडते. पुढची उत्तरं ट्रकमालक, चालक आणि चासीचं काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहेत. गाडीच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मापं दिली असतील, तर तीच अंतिम धरा.

गाडी ओढून काढली आणि आता सरळ चालतेय. तरीही चासी तपासायची का?

ओढ सरळ रेषेत होती, हळूहळू दिली होती आणि कंपनीच्या टो हुकला किंवा टो पिनला लावली होती, तर नजरेने एकदा पाहणं पुरतं. ओढ तिरकी होती, झटके बसले होते किंवा साखळी बंपर, ॲक्सल वा पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरला अडकवली होती, तर तपासणी टाळू नका.

आधी चासी पाण्याने धुवा आणि वायर ब्रशने घासा. चिखलाखाली चीर दिसत नाही. मग या जागा बॅटरीच्या उजेडात पाहा: टो हुकचा पुढचा क्रॉस मेंबर (चासीच्या दोन लांब बाजू जोडणारा आडवा बांध), पुढच्या पाट्यांचे दोन्ही हँगर, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवतीचा भाग, केबिनच्या मागच्या माउंटिंगची जागा आणि हौद्याखालची सबफ्रेम जिथे सुरू होते तो बिंदू. रंग बारीक रेघेत तडकलेला असेल तर त्याखालचा पत्रा ताणला गेलाय असं समजा. रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबडी भुकटी किंवा खाली ओघळलेली गंजाची रेघ दिसली तर तो रिव्हेट हलतोय. हौद्याचे यू-बोल्ट जागेवरून सरकल्याची चमकदार खूण, केबिनच्या दाराची एका बाजूला वाढलेली फट आणि पुढच्या टायरची एकाच कडेने होणारी झीज याही तितक्याच बोलक्या खुणा आहेत.

दहा-वीस टन माल वाहणारी चासी ओढल्याने वाकतेच कशी?

कारण ती वरून येणारं वजन पेलायला बनवलेली असते, बाजूने येणारं नाही. उदाहरणादाखल २२५ मिमी उंच, ७० मिमी रुंद फ्लँजचा (वरची-खालची आडवी कड) आणि ७ मिमी जाड पत्र्याचा सी-आकाराचा लाँग मेंबर (चासीची एका बाजूची लांब तुळई) घ्या. हिशोब केला तर उभ्या दिशेने त्याचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करायची क्षमता) सुमारे १५० घन सेंमी येतो आणि आडव्या दिशेने जेमतेम १८. म्हणजे तोच मेंबर बाजूने वाकवायला साधारण एक-अष्टमांश जोर पुरतो. मधल्या भागात क्रॉस मेंबर दोन्ही बाजू बांधून ठेवतात, म्हणून तिथे निभावतं. पहिल्या क्रॉस मेंबरच्या पुढे आलेल्या टोकाला मात्र कुणाचाच आधार नसतो, आणि आपण साखळी नेमकी तिथेच अडकवतो.

ओढीचा कोन सरळ रेषेपासून ३० अंश असेल तर ओढीचा निम्मा जोर बाजूने लागतो. ४५ अंशांना तो सुमारे ७१ टक्के होतो. त्यात सी-सेक्शन उघडा असल्याने पिळाला फार कच्चा. हुक वरच्या किंवा खालच्या फ्लँजला अडकवला की मेंबर वाकण्याबरोबर पिळतोही.

रुतलेल्या गाडीला जोर किती लागतो याचाही अंदाज नसतो. रिकव्हरीच्या कामात वापरला जाणारा ठोकताळा असा: चाकं रुतली असतील तर गाडीच्या एकूण वजनाइतका विरोध धरायचा, चिखल बॉडीपर्यंत आला असेल तर दुप्पट. दोन ॲक्सलची १८.५ टन एकूण वजनाची गाडी बॉडीपर्यंत बसली तर ३७ टन. एवढा जोर कुठल्याच टो हुकला झेपणार नाही. म्हणून आधी ऊस उतरवा, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा, वाढे किंवा फळ्या घाला आणि मगच ओढा. मोळ्या उतरवण्याचा कंटाळा हे आपल्या भागातल्या वाकलेल्या चासींचं एक मोठं कारण आहे.

दोन्ही लाँग मेंबरच्या पुढच्या टोकांना साखळी लावून मधून ओढलं तर चालतं ना?

चालतं, पण साखळी लांब हवी. दोन्ही लाँग मेंबरमधलं अंतर ८५० मिमीच्या आसपास असतं. साखळीचा प्रत्येक पाय तेवढाच ठेवला तर मधला कोन ६० अंशांचा होतो आणि प्रत्येक टोक एकूण ओढीच्या सुमारे २९ टक्के जोराने आत खेचलं जातं. म्हणजे १० टन ओढीत जवळपास ३ टन आतल्या दिशेने. कोन १२० अंशांवर गेला तर हाच आकडा ८७ टक्के. पाय दोन मीटरचे ठेवले तर फक्त ११ टक्के. दोन मीटरपेक्षा आखूड पाय वापरू नका. आखूड साखळीच हाताशी असेल तर दोन टोकांच्या मध्ये ठोस लाकूड किंवा जाड पाइप अडवून मग ओढा.

ट्रकवर स्वतःचा विंच आहे. पुली वापरली की चासीवरचा ताण कमी होतो का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. ५ टनांचा विंच, दोर झाडाच्या पुलीतून परत आणून आपल्याच गाडीला अडकवला, तर गाडी १० टनांनी ओढली जाते. त्यातले ५ टन विंचच्या बैठकीवर आणि ५ टन जिथे दोराचं टोक अडकवलं तिथे. मोटरवरचा भार कमी होतो, चासीवरचा वाढतो. हे टोक बंपरच्या ब्रॅकेटला लावलं तर ब्रॅकेट तरी सुटेल किंवा मेंबरचं टोक तरी वळेल.

उंचीही महत्त्वाची. विंचचा दोर लाँग मेंबरच्या मध्यरेषेपेक्षा ३०० मिमी वर असेल तर ५ टन ओढीला दीड टन-मीटरचा बाक चासीत जातो. बैठक जितकी मध्यरेषेजवळ, तितकं चांगलं.

चासी वाकलीय की नाही हे मोजायचं कसं?

सपाट काँक्रीटची फरशी, ओळंबा, खडू, टेप आणि सुताराची दोरी एवढं पुरतं. हौदा रिकामा करा, टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी करा आणि गाडी सरळ चालवत आणून उभी करा.

दोन्ही लाँग मेंबरवर एकमेकांसमोर येणारी, कारखान्यातच पाडलेली होल किंवा रिव्हेट निवडा. पुढच्या टोकापासून मागपर्यंत किमान सहा जोड्या हव्यात. वेल्डिंगने बसवलेला ब्रॅकेट खूण म्हणून घेऊ नका, तो मुळातच तिरका असू शकतो. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने बारीक फुली काढा आणि गाडी बाजूला घ्या.

आता फुल्यांचे चौकोन करून प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. सगळे चौकोन एकाच दिशेने तिरके निघाले तर एक मेंबर दुसऱ्याच्या पुढे सरकलाय, ज्याला कारागीर डायमंड म्हणतात. एका टोकाला ओढल्यावर हा दोष हमखास येतो आणि नजरेला अजिबात दिसत नाही. एकाच चौकोनाचे कर्ण बिघडले तर बाक त्याच जागी आहे. प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढून पुढून मागे दोरी ताणली की बाजूचा बाक उघड होतो. वरखाली बाक पाहायला मेंबरच्या वरच्या फ्लँजवर दोन टोकांना सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून दोरी ताणा आणि मधली अंतरं मोजा. पिळासाठी पुढे आणि मागे दोन्ही मेंबरवर आडवी सरळ पट्टी ठेवून मागून एका रेषेत पाहा.

शेवटी दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) मोजा.

किती फरक चालतो?

वर्कशॉपचा सर्वसाधारण निकष: कर्णांत ३ मिमीपर्यंत, पूर्ण लांबीत बाजूचा बाक ३ मिमीपर्यंत, डाव्या-उजव्या व्हीलबेसमध्ये ३ मिमीपर्यंत. त्यापुढे टायर खायला लागतात आणि पाट्यांच्या पिना अडकू लागतात. १० मिमीच्या पुढे गेलं असेल तर क्रॉस मेंबरचे रिव्हेट ढिले झालेच असणार, त्यांची तपासणी वेगळी करा.

गॅसने तापवून सरळ करणं सोपं पडतं. मग तसं का करू नये?

ट्रकच्या लाँग मेंबरचं पोलाद बाजारातल्या साध्या एमएस पट्टीपेक्षा बरंच ताकदवान असतं. ती ताकद त्याच्या घडणीतून, रोलिंगमधून आणि काही गाड्यांत हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते. ज्वालेने लालभडक केलेला तुकडा मऊ पडतो. त्यावर पाणी मारलं तर त्याची कड ठिसूळ होते. दोन्ही बाजूंना मूळ पोलाद आणि मध्ये वेगळ्याच गुणाचा पट्टा तयार होतो, आणि पुढची चीर त्याच सीमेवर येते. सरळ झालेली चासी त्या दिवशी छान दिसते, पण भरल्या गाडीने गगनबावड्याचा चढ चार वेळा चढल्यावर तिचं खरं रूप कळतं. म्हणून चासी थंडच सरळ करायची. हीट ट्रीटेड मेंबर तर कोणत्याही कारणाने तापवायचा नाही.

मग थंड सरळ करायची योग्य पद्धत कोणती?

आधी हौद्याचे यू-बोल्ट सैल करा, नाहीतर सबफ्रेम मेंबरला अडवून धरते आणि जॅक काढताच सगळं पूर्वीच्या जागी येतं. इंजिन माउंटिंगजवळ बाक असेल तर माउंटिंगचे बोल्ट ढिले करा. रेडिएटर, इंटरकूलरचे पाइप आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक सुटा करा.

दोष ज्या क्रमाने आले त्याच्या उलट क्रमाने काढायचे. सहसा आधी डायमंड, मग बाजूचा बाक, मग वरखाली बाक आणि शेवटी पीळ. डायमंड तसाच ठेवून बाक काढला तर पुन्हा सगळं मोजावं लागतं.

जॅकचा जोर थेट फ्लँजवर येऊ देऊ नका. सी-सेक्शनच्या पोटात बरोबर बसणारा लाकडी किंवा लोखंडी ठोकळा घाला आणि बाहेरून किमान २०० मिमी लांबीची जाड पट्टी लावा, म्हणजे जोर पसरेल. जोर थोडा-थोडा वाढवा. दर वेळी जॅक सोडून माप घ्या. पोलाद थोडं मागे येतं, म्हणून शेवटच्या ओढीत गरजेपेक्षा किंचित पुढे न्यावं लागतं. ते किती, हे आधीच्या दोन ओढींत कितपत मागे आलं त्यावरून कळतं. घाईने एका दमात ओढलं तर फ्लँज सुरकुततो, आणि सुरकुतलेला फ्लँज पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

सरळ झाल्यावर वाकलेल्या जागेचा रंग काढून चीर शोधायचा लाल-पांढरा स्प्रे मारा. लाल रंग १० मिनिटं मुरू द्या, पुसा, पांढरा मारा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. हे न करता मजबुतीची प्लेट लावली तर चीर प्लेटखाली वाढत राहते.

चीर सापडली. वेल्डिंग कसं करावं?

गाडीला आधार देऊन चिरेवरचा ताण काढा. चीर मिटली पाहिजे. दिसणाऱ्या टोकापासून ५ ते १० मिमी पुढे ६ मिमीचं होल पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. टोक नेमकं कुठे आहे हे स्प्रे मारूनच ठरवा.

ग्राइंडरने ६० अंशांचा व्ही चर होलपर्यंत काढा, तळाशी दीड-दोन मिमी जाडी ठेवा. रॉड लो हायड्रोजन, ई ७०१८ प्रकारचा. ६०१३ सहज मिळतो, चालवायला गोड आहे, पण चासीसाठी नाही. ७०१८ चा फायदा तो कोरडा असेल तरच. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि दुसऱ्या दिवशी वेल्डशेजारी केसासारखी चीर येते. ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तासभर भाजा, मग गरम पेटीत ठेवा आणि बाहेर काढल्यावर चार तासांत वापरा. ३.१५ मिमी रॉडला साधारण १०० ते १४० अँपिअर, डीसी मशीनवर रॉड प्लसला.

बाहेरून भरल्यावर आतून ग्राइंड करून तळ उघडा आणि तिथूनही एक पास द्या. फ्लँजच्या कडेला छोटा तुकडा चिकटवून वेल्डची सुरुवात-शेवट त्याच्यावर घ्या आणि नंतर तो कापून टाका. कडेवर थांबलेला वेल्ड म्हणजे तयार खाच. वेल्ड पत्र्याच्या पातळीला आणा आणि ग्राइंडरच्या रेघा मेंबरच्या लांबीच्या दिशेने ठेवा. आडव्या रेघांतून नवी चीर सुरू होते.

पाणी मारून थंड करू नका.

बीएस ६ गाडीवर वेल्डिंग करताना काय सांभाळायचं?

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि इंजिन, एबीएस, युरियाच्या यंत्रणेचे कंट्रोलर कनेक्टरपासून सुटे करा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर लावा. क्लॅम्प चाकाला किंवा ॲक्सलला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. ब्रेकच्या नायलॉनच्या हवेच्या नळ्या आणि वायरिंग मेंबरच्या आतून गेलेलं असतं, ते किमान अर्धा मीटर बाजूला सरकवा. डिझेल टाकी जवळ असेल तर उतरवा.

मजबुतीसाठी जितकी जाड प्लेट तितकं चांगलं, असं आहे का?

उलट आहे, आणि अनेक चासी याच चुकीमुळे दुसऱ्यांदा तुटतात. ट्रकची चासी रस्त्यावर पिळते आणि वाकते, तिने ते करायलाच हवं. एका जागी १२ मिमीची ताठ प्लेट ठोकली की तो भाग हलणं बंद होतो आणि सगळं हलणं प्लेट संपते त्या रेषेवर गोळा होतं. सहा महिन्यांनी चीर नेमकी तिथे, प्लेटपासून बोटभर अंतरावर येते. मग कारागीर आणखी लांब प्लेट लावतो आणि चीर आणखी मागे जाते. सी-सेक्शन बंद करून पेटी बनवल्यावरही हेच होतं.

प्लेटची जाडी मेंबरएवढी किंवा किंचित कमी ठेवा. ७ मिमीच्या मेंबरला ५ किंवा ६ मिमी. पोलाद शक्यतो त्याच ताकदीचं घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत प्लेट कापून प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावर) वाकवून मिळते, ड्रॉइंग मात्र तुम्हीच द्या. दुखापत खालच्या फ्लँजजवळ असेल तर एल-आकाराची पट्टी, जिचा आडवा पाय त्या फ्लँजला चिकटून बसेल. फक्त वेबला (दोन फ्लँजमधल्या उभ्या भागाला) मार असेल तर सपाट प्लेट पुरते.

लांबी: दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना मेंबरच्या उंचीच्या किमान दुप्पट. २२५ मिमीच्या मेंबरला प्रत्येकी ४५० मिमी, म्हणजे एकूण जवळपास एक मीटर. टोकं काटकोनात कापू नका, ३० ते ४५ अंशांचा उतार द्या. आत आणि बाहेर दोन्हीकडे प्लेट असेल तर त्यांची टोकं एकाच रेषेत येऊ देऊ नका, १०० ते १५० मिमीचा फरक ठेवा. प्लेट हँगरवर, क्रॉस मेंबरवर किंवा सबफ्रेमच्या सुरुवातीलाही संपता कामा नये.

जोड बोल्टचा, फक्त वेबमध्ये. फ्लँजला होल नाही आणि वेल्डही नाही. आधीची होल वापरा. नवी पाडायचीच तर फ्लँजच्या वळणापासून किमान ४० मिमी दूर, एकमेकांपासून किमान ५० मिमी, आणि दोन ओळींत आलटून-पालटून. एकावर एक उभी होल पाडली की वेब तिथे कमजोर होतो. ड्रिल वापरा, गॅसने होल पाडू नका.

बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग घासून झिंक प्रायमर मारा आणि शेवटी वरची फट सीलंटने बंद करा. मळीचं आणि उसाचं पाणी त्या फटीत शिरलं तर गंज फुगून प्लेट उचलतो.

ढिले रिव्हेट वेल्ड करून चालतील का?

नाही. डोक्याच्या मध्यावर ड्रिल करा, छिन्नीने डोकं उडवा, दांडा ठोकून काढा. होल अंडाकृती झालं असेल तर रीमरने पुढच्या मापाला गोल करा आणि १०.९ ग्रेडचा, होलमध्ये घट्ट बसणारा बोल्ट घाला. नट आणि डोकं दोन्हीकडे कडक वॉशर. वंगण नसलेल्या धाग्याला साधारण टॉर्क: १२ मिमीला १२० न्यूटन-मीटर, १४ मिमीला १९०, १६ मिमीला ३००. अंदाजाने पाईप लावून आवळलेला बोल्ट एक तर ढिला राहतो किंवा ताणून निकामी होतो.

विंचची बैठक पुन्हा कशी बसवावी?

ती एका क्रॉस मेंबरवर किंवा बंपरवर टेकवू नका. १० ते १२ मिमीची आडवी प्लेट दोन्ही लाँग मेंबरच्या वेबला एल-ब्रॅकेटने बांधा, आणि ते ब्रॅकेट पहिल्या क्रॉस मेंबरच्या मागे किमान ३०० मिमी जाऊ द्या. ओढीचा जोर बोल्टच्या घर्षणावर न राहता ब्रॅकेटच्या टोकाने मेंबरला टेकला पाहिजे. टोकांजवळ एक ट्यूबचा आडवा बांध घाला, म्हणजे तिरक्या ओढीत दोन्ही मेंबर एकत्र झुंजतील. तिरकी ओढ रोजचीच असेल तर रोलर फेअरलीड (दोराला वाट देणारी रोलरची चौकट) लावा. दोर वळतो, पण चासीवरचा बाजूचा जोर कमी होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मेंबर बदलायचा निर्णय कधी घ्यावा?

फ्लँज सुरकुतला असेल, चीर फ्लँजमधून वेबच्या एक-तृतीयांश उंचीपर्यंत आली असेल, त्याच जागी आधी एकदा वेल्ड झालेलं असेल किंवा मेंबर पूर्वी कुणीतरी तापवलेला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

आरटीओ आणि विम्याचं काय?

चासी नंबर बहुतेक ट्रकांत उजव्या लाँग मेंबरवर पुढच्या भागात कोरलेला असतो, म्हणजे नेमका दुखापतीच्या परिसरात. त्यावर ग्राइंडर, वेल्ड किंवा प्लेट येऊ देऊ नका. आधी फोटो काढा. चासी बदलणं किंवा तिची लांबी, रचना बदलणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतं, त्यासाठी नोंदणी प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नका.

उद्यमनगरात काम द्यायचं, तर कारागिराला काय विचारावं?

मापं लिहून देणार का, सरळ कशाने करणार, रॉड कोणता आणि तो कुठे भाजता, प्लेटची जाडी आणि लांबी किती, बोल्ट कोणत्या ग्रेडचे. चांगला कारागीर या प्रश्नांनी खूश होतो. कामाआधीची आणि नंतरची कर्णांची मापं एका कागदावर लिहून घ्या आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

काम झाल्यावर पुन्हा कधी पाहायचं?

५०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. प्लेट आणि पेंट बसल्यावर ते थोडे सैल होतात. पहिल्या दहा भरल्या फेऱ्यांनंतर प्लेटची चारही टोकं धुवून पाहा, आणि पुढे दर सर्व्हिसिंगला. त्या जागांना पांढरा रंग मारून ठेवा, बारीक चीर आणि तांबडी रेघ त्यावर लगेच उठून दिसते.